अडलेला प्रिंटर आणि थांबलेली रांग

देणगीच्या पावत्या, शिष्यवृत्तीचे अर्ज, सभेच्या सूचना ही सारी कामे आता न्यासाच्या कार्यालयात संगणकावरच होतात. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळत असल्यामुळे आपल्यासारख्या संस्थांस ती परवडते. परंतु तीन-चार संगणकांना मिळून एकच प्रिंटर जाळ्याने जोडला, की तो अडल्यावर दोष नेमका कोठे आहे हे उमगत नाही. मग कोणी तारा उपसतो, कोणी सारी जोडणी पुसून नव्याने करू लागतो. बहुधा त्याची मुळीच गरज नसते.

आधी व्यवस्था समजून घेऊ. संगणकावर 'छाप' म्हटले म्हणजे मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. मध्ये 'कप्स' नावाचा कारभारी असतो. युनिक्ससाठी तो १९९९ साली प्रथम प्रसिद्ध झाला. आज बहुतेक लिनक्स संगणकांवर तोच आहे. आलेली कामे रांगेत लावून तो एकेक पुढे धाडतो. मेख आहे ती येथेच! प्रिंटर एकदा हाती लागला नाही, की पुष्कळदा हा कारभारी सबंध रांगच थांबवतो, आणि पुढे प्रिंटर सुरू झाला तरी ती आपण होऊन सुटत नाही.

म्हापशास पावसाळ्यात वीज जाणे-येणे काही नवे नव्हे. वीज आल्यावर राऊटर यंत्रांना पत्ते पुन्हा वाटतो. काल प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.२० असेल, तर आज शेवटी २३ येतो. शुक्रवारच्या बाजारात नेहमीची भाजीवाली दुसऱ्या कोपऱ्यात बसावी आणि आपण जुन्याच जागी हाका मारीत राहावे, तशी कारभाऱ्याची गत होते.

तेव्हा प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून माहितीचे पान छापून पाहावे. ते निघाले तर यंत्र धड आहे, आणि त्याचा आजचा पत्ताही त्यावर मिळतो. त्या पत्त्यावर 'पिंग' करून उत्तर येते का पाहावे. मग 'एलपीस्टॅट -टी' ही आज्ञा रोमन अक्षरांत टंकावी. रांग चालू की थांबलेली, कामे किती आणि कारभारी कोणत्या पत्त्यावर जातो, हे सारे ती सांगते. (पाने निघतात पण त्यांवर भलतीच चिन्हे येतात, तर दोष बहुधा ड्रायव्हरचा, त्याची वाट वेगळी.)

पत्ता बदलला असेल तर चारही संगणकांवर दुरुस्ती करीत बसू नये. राऊटरमध्ये जुनाच पत्ता प्रिंटरच्या नावे कायम राखून ठेवावा, आणि प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करावा.

यानंतर रांग सोडण्याची घाई मात्र नको. छपाई होईना म्हणून कोणी एकच पावती पाच वेळा धाडलेली असते. रांग सुटताच त्याच क्रमांकाच्या पाच पावत्या बाहेर पडतात, आणि त्यांतली एखादी चुकून दुसऱ्या देणगीदाराच्या हाती गेली तर वर्षअखेरीस हिशेबनीसाने काय करावे? म्हणून यादी पाहून जादा कामे 'कॅन्सल' या आज्ञेने प्रथम काढावीत. त्यानंतर व्यवस्थापकाच्या अधिकाराने 'कप्सएनेबल' लिहून पुढे प्रिंटरचे नाव द्यावे. रांग चालू लागते.

राखून ठेवलेला पत्ता चिठ्ठीवर लिहून प्रिंटरच्या झाकणास चिकटवावा.