नव्या लॅपटॉपमधील पहारेकरी

भिलाईच्या पोलाद कारखान्याची वसाहत सेक्टरांच्या क्रमांकांनी ओळखली जाते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे नोकरीसाठी आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती; त्यांना हा मुलूख अगदीच परका नव्हता, कारण १८५४ पर्यंत छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. सेक्टर १० हा याच वसाहतीचा एक भाग होय.

या सेक्टरमधील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. वडील कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले आहेत. भविष्यनिर्वाह निधी व उपदान यांची रक्कम बँकेत आली आहे. मुलगी अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. सुपेल्याच्या बाजारातून एक लॅपटॉप घरी आणला जातो. दिवसा त्यावर मुलीचा अभ्यास चालणार आणि सायंकाळी वडील बँकेचे व्यवहार पाहणार. यंत्र प्रथम सुरू करताच पडद्याच्या कोपऱ्यात एक चौकट उमटते: आपले संरक्षण ३० दिवसांनी संपत आहे, आजच नूतनीकरण करा. वडिलांच्या मते कंपनीनेच जे घालून दिले आहे ते काढणे धोक्याचे. मुलीच्या मते ते यंत्र मंद करते, तेव्हा ते काढून टाकावे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून प्रश्न मुळापासून पाहिला पाहिजे.

हा कार्यक्रम यंत्रात आला कसा? ग्राहकाने तो मागितला नव्हता. लॅपटॉप बनविणाऱ्यांना प्रत्येक यंत्रामागे मिळणारा नफा अल्प असतो. अँटीव्हायरस बनविणाऱ्या कंपन्या आपला कार्यक्रम नव्या यंत्रात आधीच बसविण्यासाठी त्यांना मोबदला देतात. मुदत संपल्यावर काही ग्राहक भीतीपोटी किंवा सोयीसाठी वर्गणी भरतात आणि त्यातून तो मोबदला भरून निघतो. पहिल्या वर्षी सवलतीचा दर लावून पुढील वर्षी तो वाढविणे हीही या धंद्यातील नेहमीची रीत आहे. तेव्हा हा पहारेकरी घरमालकाने नेमलेला नसून बांधकाम ठेकेदाराने दारात आणून उभा केलेला आहे. एवढ्यावरून तो अप्रामाणिक ठरत नाही. मात्र त्याची नेमणूक गुणांची परीक्षा घेऊन झालेली नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

एके काळी असा पहारेकरी अपरिहार्य होता. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपी तबकड्यांवरून देशोदेशी पोचला. त्या काळच्या डॉस प्रणालीत संरक्षणाची म्हणावी अशी व्यवस्थाच नव्हती. तबकडी एका यंत्रातून काढून दुसऱ्यात घातली की रोगही तिच्याबरोबर जाई. या परिस्थितीतून महाराष्ट्रातच एक उद्योग जन्मास आला. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतच झाले होते. पुण्यात ते गणकयंत्रे दुरुस्त करीत. पुढे संगणकांची दुरुस्तीही करू लागले. दुरुस्तीस येणाऱ्या कितीतरी यंत्रांत सुटे भाग शाबूत असत आणि बिघाड विषाणूचा असे. त्यांचे धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी या विषाणूंवर उतारे लिहावयास घेतले. त्यांतूनच ‘क्विक हील’ हा अँटीव्हायरस तयार झाला. २००७ मध्ये कंपनीने हेच नाव धारण केले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले. दुरुस्तीच्या टेबलावर उपजलेले हे ज्ञान होते, आणि त्या वेळी त्याची गरज खरी होती.

त्यानंतर परिस्थिती पालटली. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने ‘डिफेंडर’ हा पूर्ण अँटीव्हायरस प्रणालीतच समाविष्ट केला. आरंभीच्या वर्षांत स्वतंत्र चाचण्यांमध्ये त्याला कमी गुण मिळत. त्यामुळे ‘विंडोजमधला फुकट अँटीव्हायरस कुचकामी’ हे मत रूढ झाले व दुकानांतून आजही ऐकू येते. पण पुढे जर्मनीतील एव्ही-टेस्ट व ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्थांच्या चाचण्यांत तो नामांकित विकत कार्यक्रमांच्या पंक्तीस येऊन बसला. जुने मत मात्र बदललेले नाही. मते यंत्रांपेक्षा सावकाश जुनी होतात.

येथे एक तांत्रिक बाब समजून घेणे अगत्याचे आहे. अँटीव्हायरस प्रत्येक फाइल उघडताना मध्ये हात घालून ती तपासतो. दोन कार्यक्रम एकाच फाइलवर एकाच वेळी हात ठेवू लागले तर यंत्र अडखळते. म्हणून बाहेरचा अँटीव्हायरस बसविला की डिफेंडर आपला प्रत्यक्ष पहारा थांबवितो, आणि बाहेरचा काढून टाकला की पुन्हा कामास लागतो. अर्थात सेक्टर १० मधील त्या घरापुढे ‘संरक्षण की असुरक्षितता’ असा प्रश्न नसून ‘कोणता पहारेकरी’ एवढाच प्रश्न आहे. वडिलांची भीती येथे पुष्कळशी निवते.

कंपनीने घातले ते चांगलेच असणार, हा त्यांचा दुसरा आधारही तपासून पाहावा. २०१४ च्या अखेरीस लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपांत ‘सुपरफिश’ नावाचा जाहिरातींचा कार्यक्रम आधीच बसविलेला होता. त्याने यंत्रात स्वतःचे एक प्रमाणपत्र रोवले होते आणि त्याच्या बळावर तो बँकेसारख्या सुरक्षित संकेतस्थळांशी चाललेल्या संवादातही शिरू शकत असे. सर्व यंत्रांत गुप्त किल्ली एकच असल्याने ती एकदा हाती लागताच परक्यालाही ते दार उघडणे शक्य झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे प्रकरण उघडकीस आले. तेव्हा तो कार्यक्रम हुडकून काढण्याच्या कामी डिफेंडरचाही उपयोग झाला. सुपरफिश हा अँटीव्हायरस नव्हता हे खरे. पण यंत्र बनविणाऱ्याने आत काय ठेवले आहे याची खात्री त्याच्या नावावरून धरता येत नाही, एवढे त्यावरून दिसते. खुद्द अँटीव्हायरसही या शंकेपलीकडे नाहीत. अव्हास्ट या कंपनीने ग्राहकांच्या संकेतस्थळभेटींची माहिती विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. सर्व फाइली पाहण्याचा अधिकार ज्याला द्यावयाचा, त्याची निवड निष्काळजीपणे करू नये.

मग काढून टाकावे काय? केवळ ३० दिवसांची चाचणी प्रत असेल तर काढणे बरे, आणि तेही मुदत संपण्याची वाट न पाहता. मुदतीनंतर असा कार्यक्रम नव्या विषाणूंची माहिती घेणे थांबवितो आणि जागेवर मात्र बसून राहतो. झोपी गेलेला पहारेकरी नसलेल्यापेक्षा वाईट, कारण घरातले निर्धास्त असतात. याउलट लॅपटॉपच्या किमतीतच पूर्ण वर्षाची वर्गणी आलेली असेल व यंत्र त्याने फारसे मंदावत नसेल, तर वर्षभर ठेवण्यास हरकत नाही. फक्त वर्गणी आपोआप नव्याने कापली जाण्याची मुभा बंद करून ठेवावी. लॅपटॉप नोकरीच्या कार्यालयाने दिलेला असल्यास त्यातील काहीही स्वतःच्या विचाराने काढू नये.

काढण्याची कृती अवघड नाही. सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत तो कार्यक्रम शोधून ‘अनइन्स्टॉल’ करावा व यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. काही कार्यक्रम आपले अवशेष मागे ठेवतात. त्यासाठी बहुतेक कंपन्या साफसफाईचे वेगळे साधन विनामूल्य देतात. मग ‘विंडोज सिक्युरिटी’ उघडून ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’ येथे डिफेंडर जागा झाला आहे किंवा नाही हे डोळ्यांनी पाहावे. ही शेवटची पायरीच पुष्कळ लोक गाळतात. त्यानंतर विंडोजच्या सर्व सुधारणा उतरवून घ्याव्यात. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ विषाणूने जी यंत्रे ग्रासली, त्यांतील दोषावरची सुधारणा मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ती ज्यांनी बसविली नव्हती त्यांचेच प्रामुख्याने नुकसान झाले.

बापलेकीच्या वादात न आलेली एक गोष्ट उरते. वडिलांच्या निवृत्तीच्या रकमेवर टपलेला चोर बहुधा फाइलीच्या वाटेने येत नाही. तो दूरध्वनीवरून बँकेचा किंवा पोलिसांचा अधिकारी म्हणून बोलतो आणि सांकेतिक आकडा विचारून घेतो. तेथे विकतचा व फुकटचा दोन्ही अँटीव्हायरस सारखेच निरुपयोगी असतात. तसा प्रसंग आल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे लागते. जितका विलंब अधिक, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत वळती होत जाते. तो क्रमांक कागदावर लिहून लॅपटॉपच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवता येतो.