रंगाची पुडी घेण्याआधी

बेटी, घरून मिठाई आणि बिर्याणीच्या ऑर्डरी घ्यायला लागलीस, तर रंगाचं एवढं ऐकून ठेव. सिंदी मेघेतली आपली गिऱ्हाइकं ओळखीची. पाकीट वाचायला ती तुझ्या स्वयंपाकघरात येत नाहीत, तुझ्या भरवशावर घास घेतात.

कृत्रिम रंग म्हणजे हराम, असं सरसकट म्हणू नकोस. टारट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन हे रंग पेट्रोलियमपासून निघणाऱ्या रसायनांतून कारखान्यात बनतात. त्यांचा जनावराशी संबंध नाही. शंका असते ती सोबत मिसळलेल्या गोष्टींची. पातळ रंग आणि एसेन्स कधी अल्कोहोलमध्ये, कधी ग्लिसरीनमध्ये विरघळवलेले असतात आणि ग्लिसरीन वनस्पती तेलाचं असू शकतं, तसं चरबीचंही. म्हणून मी कोरडी भुकटीच घेते.

उलट ‘नैसर्गिक’ लिहिलेल्या लाल रंगाकडे जास्त बारकाईनं बघ. कोचिनिअल, म्हणजेच कारमाइन, निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून निघतं. पाकिटावर त्याचा आकडा १२०. परदेशातून कोणी गोळ्या-चॉकलेट आणलं की तो आधी शोध. आपल्या हनफी उलेमांपैकी बहुतेकांना किड्याचा रंग मान्य नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेनं मात्र २०११ मध्ये तोच हलाल ठरवला. जिथे जाणत्यांचं एकमत नाही, तिथे आपल्या मौलानांना विचार. दुकानदार ‘चालतं’ म्हणाला, एवढ्यावर जाऊ नकोस.

हिरव्या ठिपक्याचा आधार घे, पण अर्धाच. तो असला की किडा, जिलेटिन, चरबी नाही असं धरून चालता येतं. अल्कोहोलबद्दल तो काहीच सांगत नाही.

आता मला खरी काळजी आहे ती पुढची. दीनात खाणं हलाल असावं तसं ते निर्मळही असावं, अंगाला न बाधणारं असावं. कागदात बांधलेली सुटी पुडी घेऊन ‘रंगच तर आहे’ म्हणणाऱ्यांना हे सांगावंच लागतं. कापड रंगवायचा रोडामिन बी बुढ्ढी के बाल या मिठाईत सापडला, म्हणून तामिळनाडूनं फेब्रुवारी २०२४ मध्ये ती विकायला बंदी केली. मेटॅनिल यलो हा असाच पिवळा, खाण्यासाठी नसलेला रंग डाळीत, हळदीत मिसळला जातो. परवान्याचा चौदा आकडी क्रमांक आणि रंगाचं नाव छापलेलं बंद पाकीटच घे, मग गोल बाजारात दोन दुकानं जास्त फिरावं लागलं तरी फिर.

परवानगी असलेला रंगही मोजूनच. मिठाईत किलोमागे १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे ग्रॅमचा दहावा भाग. बोटाच्या चिमटीनं अंदाज करशील तर हमखास चुकशील, म्हणून छोटा वजनकाटा ठेव. लेकरांसाठीच्या ऑर्डरीत तर हात अजून आखडता घे. १०२, ११०, १२२ आणि १२४ या आकड्यांचे रंग घातलेल्या पाकिटावर युरोपात २०१० पासून मुलांच्या चंचलपणाबद्दल इशारा छापावा लागतो. आपल्याकडे हे चारही सर्रास वापरतात.

जर्द्याच्या गोड भाताला पिवळेपणा हवा असेल तर आपल्याच जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद आहे. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तांदळाच्या उकळत्या पाण्यात लवंग-वेलचीबरोबर चिमूटभर टाक, वास दबतो. वर दोन काड्या दुधात भिजवलेलं केशर. लाल सरबताला अंबाडीची बोंडं उकळ; रंगही येतो, आंबटपणाही.

बिर्याणी, कबाब, तंदुरी यांत मात्र कृत्रिम रंग अजिबात घालू नकोस. कायद्यानं तिथे त्याला जागाच नाही, आणि कर्नाटकानं तर जून २०२४ मध्ये कबाबातल्या रंगावर वेगळी बंदीही काढली. वलीम्याचं गिऱ्हाईक केशरी दाण्यांसाठी हट्ट धरेल. त्याला केशराचा भाव सांग. परवडत नसेल तर पांढरी बिर्याणी दे, आणि तेही नको असेल तर ऑर्डर सोड.