कागद चालतो किती, थांबतो किती?
कार्यप्रक्रिया व्यवस्थापनाची उपयुक्तता

शासनाची कोणतीही योजना अखेर एखाद्या टेबलावरील कागदाच्या रूपाने नागरिकापर्यंत पोहोचत असते. हा कागद वेळेवर हलला तर योजना यशस्वी ठरते. अडला तर उत्तम हेतूने आखलेली योजनाही नागरिकाच्या दृष्टीने नसल्यासारखीच होते. कागद अडतो तेव्हा कर्मचारी कमी आहेत, ते आळशी आहेत किंवा नियम जाचक आहेत, अशी तीन कारणे सामान्यतः सांगितली जातात. या तिन्हींत काही तथ्य असू शकते. परंतु विलंबाचे सर्वांत मोठे कारण बहुधा चौथेच असते. काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मध्ये जे थांबते, त्या थांबण्याचा हिशेब कोणीच ठेवलेला नसतो. हा हिशेब मांडून कामाची वाट सुधारण्याच्या शास्त्राला 'बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट' अर्थात कार्यप्रक्रिया व्यवस्थापन असे म्हणतात.

हे शास्त्र उद्योगधंद्यांत वाढले असले तरी पंचायत, शाळा, सहकारी संस्था आणि शासकीय कार्यालये यांनाही ते तितकेच लागू पडते. मात्र ज्या संस्थेने ते स्वीकारावे अशी अपेक्षा असते, तिला त्याचा लाभ पटवून देणे हेच पुष्कळदा कठीण जाते.

प्रक्रिया म्हणजे काय?

मागणी आल्यापासून ती पूर्ण होईपर्यंत ज्या क्रमाने कामे होतात, त्या संपूर्ण साखळीला प्रक्रिया म्हणावयाचे. कार्यालयाची रचना शाखांनुसार उभी असते. अर्ज मात्र शाखाशाखांतून आडवा प्रवास करतो. प्रत्येक शाखेला आपला तुकडा दिसतो, संपूर्ण प्रवास फक्त अर्जदाराला दिसतो. प्रत्येक लिपिक आपल्या परीने तत्पर असूनही अर्जाला दोन महिने लागू शकतात, ते यामुळेच.

या प्रवासाचा नकाशा काढण्याची कल्पना नवीन नाही. फ्रँक व लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ मध्ये अभियंत्यांच्या परिषदेपुढे प्रक्रिया-तक्त्याची पद्धत मांडली. प्रत्यक्ष काम, ने-आण, तपासणी आणि साठवण यांना वेगवेगळी चिन्हे देऊन त्यांनी कामाची वाट कागदावर उतरविण्याचा मार्ग दाखविला. वाट कागदावर उतरली की अनावश्यक वळणे आपोआप डोळ्यांत भरतात.

दीड तासाच्या कामास सहा दिवस

मायकेल हॅमर व जेम्स चँपी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील आयबीएम क्रेडिट या कंपनीचे उदाहरण या विषयात नेहमी दिले जाते. संगणक घेणाऱ्या ग्राहकांना अर्थसाहाय्य देणे हा या कंपनीचा व्यवसाय. अर्ज निकाली निघण्यास सरासरी सहा दिवस, तर कधी दोन आठवडे लागत. तेवढ्या अवधीत ग्राहक दुसरीकडे वळे.

अखेर दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांनी एक अर्ज स्वतःच्या हातात घेतला आणि ते प्रत्येक विभागात गेले. हातातले काम बाजूला ठेवून या अर्जावर नेहमीची कार्यवाही करावी, अशी विनंती त्यांनी प्रत्येक ठिकाणी केली. तेव्हा असे आढळले की सर्व विभागांचे मिळून प्रत्यक्ष काम अवघ्या ९० मिनिटांचे होते! उरलेला सर्व काळ अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यात आणि तेथे पडून राहण्यात जात होता. पुढे कंपनीने चार तज्ज्ञांऐवजी एकाच कर्मचाऱ्याकडे संपूर्ण अर्ज सोपविला. फक्त खरोखर गुंतागुंतीची प्रकरणे तज्ज्ञांकडे जाऊ लागली आणि सहा दिवसांचा काळ चार तासांवर आला.

यातील बोध स्पष्ट आहे. प्रत्येक कर्मचाऱ्याने दुप्पट वेगाने काम केले असते तरी वाचली असती ती पाऊण तासाची बचत. सहा दिवस वाचले ते माणसांना घाई केल्यामुळे नव्हे, तर कागदाचे थांबणे बंद झाल्यामुळे.

ग्रामपंचायतीतील एक प्रकरण

हीच दृष्टी गावपातळीवर लावून पाहता येईल. समजा, वडिलांच्या निधनानंतर नमुना ८ च्या नोंदवहीत घराला आपले नाव लागावे असा अर्ज वारसाने ग्रामपंचायतीकडे दिला. त्यातील प्रत्यक्ष काम असे : कागदपत्रांची छाननी १५ मिनिटे, चौकशी ६० मिनिटे, मासिक सभेतील विचार ५ मिनिटे, ठराव लिहिणे व नोंद घेणे २० मिनिटे, उतारा देणे ५ मिनिटे. एकूण १०५ मिनिटे, म्हणजे पावणेदोन तास.

आता याच अर्जाची दिनदर्शिका पाहू. एक दाखला जोडलेला नाही हे १० दिवसांनी लक्षात आले. अर्जदाराला ते कळून त्याने दाखला आणेपर्यंत १२ दिवस गेले. चौकशीसाठी ८ दिवस, मासिक सभेसाठी १४ दिवस, आणि सभेनंतर इतिवृत्त पूर्ण होऊन नोंद होण्यास ९ दिवस लागले. एकूण ५३ दिवस! या काळात अर्जदाराने पाच खेपा घातल्या. तो मजुरीवर जगणारा असेल तर पाच खेपा म्हणजे पाच दिवसांची बुडालेली रोजी. ही रक्कम पंचायतीच्या कोणत्याही खात्यावर दिसत नाही. पण ती कोणीतरी दिलेली असते.

अर्ज स्वीकारतानाच आवश्यक कागदांच्या छापील यादीवरून तो तपासला, तर पहिले २२ दिवस वाचतात. चौकशीसाठी आठवड्यातील ठरावीक वार नेमला तर ८ दिवसांचे ४ होतात. सभेनंतर तीन दिवसांत नोंद झालीच पाहिजे असे ठरविले तर आणखी ६ दिवस वाचतात. म्हणजे ५३ दिवसांचे काम २१ दिवसांवर येते. यासाठी नवे पद लागत नाही, नवी इमारत लागत नाही, नियमही बदलावा लागत नाही.

सभेसाठी लागणाऱ्या १४ दिवसांना हात लावलेला नाही, हे येथे लक्षात घ्यावे. निर्णयाचा अधिकार निर्वाचित सदस्यांचा आहे. तो त्यांनी सभेत बसूनच वापरावयाचा आहे. त्याचप्रमाणे जमिनीच्या फेरफाराची नोंद प्रमाणित करण्यापूर्वी हितसंबंधितांना नोटीस देऊन हरकतीसाठी जी मुदत ठेवलेली असते, ती म्हणजे विलंब नव्हे. ते दुर्बलाचे संरक्षण होय. काही थांबे कायद्याने हेतुपूर्वक ठेवलेले असतात, तर काही केवळ दुर्लक्षाने पडलेले असतात. पहिल्यांचे रक्षण करणे आणि दुसऱ्यांचे निर्मूलन करणे, हा विवेक नसेल तर वेगाच्या नावाखाली अन्याय घडण्याचा संभव असतो.

प्रलंबित कामाचे गणित

प्रक्रियेच्या अभ्यासातील एक साधे सूत्र प्रत्येक कार्यालयप्रमुखाला उपयोगी पडेल. अमेरिकन प्राध्यापक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये ते गणिताने सिद्ध केले. स्थिर गतीने चालणाऱ्या कामात प्रलंबित प्रकरणांच्या संख्येला दर आठवड्याच्या निकालाने भागले असता एका प्रकरणास सरासरी किती आठवडे लागतात ते कळते. साठ प्रकरणे शिल्लक असून आठवड्याला दहा येतात व दहाच निकाली निघतात, तर प्रत्येक अर्जदाराला सरासरी सहा आठवडे थांबावे लागेल.

येथे कर्मचारी अपुरे आहेत असे म्हणता येत नाही; कारण जेवढे येते तेवढे निघतेच. शिल्लक साठा हे केवळ मागे साचलेले ओझे आहे. एकदाच विशेष मोहीम घेऊन साठाची शिल्लक वीसवर आणली, तर त्याच कर्मचाऱ्यांकडून पुढील सर्व अर्जदारांना दोन आठवड्यांत निकाल मिळू लागतो. उलट, आठवड्याला बारा येतात आणि दहाच निघतात अशी स्थिती असेल, तर मोहिमेचा उपयोग टिकणार नाही. तेथे कामाच्या पायऱ्या तरी कमी केल्या पाहिजेत अथवा माणसे तरी वाढविली पाहिजेत. कोणत्या दुखण्यावर कोणते औषध, हे या दोन आकड्यांवरून ठरते.

महाराष्ट्रातील परंपरा

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कार्यालयाची मांडणी, अभिलेखांची रचना आणि नागरिकांना मिळणारी वागणूक यांत जो बदल घडवून आणला, तो 'लखिना पॅटर्न' म्हणून सर्वत्र परिचित झाला. कार्यालयांत रूढ असलेली सहा गठ्ठे पद्धतीही याच विचाराची आहे. प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद असे सहा वेगळे गठ्ठे ठेवले की कोणता कागद कशासाठी थांबला आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते.

पुढे कायद्यानेही या विचाराला बळ दिले. बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमाने कर्मचाऱ्याकडे नस्ती सामान्यतः सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये असे बंधन घातले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरविला आणि त्यासाठी अपिलाची व शास्तीची तरतूद केली. तथापि, कायदा मुदत सांगतो. ती कशी पाळावी हे मात्र प्रत्येक कार्यालयाने आपल्या कामाची वाट अभ्यासूनच शोधावयाचे असते.

संस्थेला हे कसे पटवावे?

हा विषय घेऊन जाणारा सल्लागार असो वा अधिकारी, पहिली चूक होते ती पारिभाषिक शब्द आणि मोठे तक्ते पुढे ठेवल्याने. संस्थाप्रमुखाला शास्त्र नको असते. त्याला त्याच्या अडचणीवर उत्तर हवे असते. म्हणून त्याच संस्थेतील नुकतीच निकाली निघालेली दहा प्रकरणे काढावीत, प्रत्येकाच्या आवक-जावकेच्या तारखा लिहाव्यात आणि काम किती व थांबणे किती ते मांडावे. परक्या कंपनीच्या शंभर उदाहरणांपेक्षा स्वतःच्या दप्तरातील दहा नस्त्या अधिक बोलतात.

यानंतर काही आक्षेप ठरलेले असतात. "आमचे काम वेगळे आहे," हा पहिला. काम वेगळे असते हे खरे; परंतु थांबण्याची कारणे, म्हणजे अपुरा अर्ज, अनावश्यक सह्या, ठरलेला वार नसणे, सर्वत्र सारखीच आढळतात.

"संगणक बसविले की झाले," हा दुसरा. याला फोर्ड मोटार कंपनीचा अनुभव उत्तर देतो. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तिच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात पाचशेहून अधिक माणसे होती. जुन्याच पद्धतीला संगणकाची जोड देऊन वीस टक्के काटकसर होईल असा तिचा अंदाज होता. माझदा या जपानी कंपनीत हे काम अवघी पाच माणसे करतात असे दिसल्यावर फोर्डने पद्धतच बदलली. पुरवठादाराच्या बिलाची वाट पाहण्याऐवजी माल पोहोचताच मागणीच्या नोंदीशी तो पडताळून पैसे देण्यात येऊ लागले. चौदा बाबींचा मेळ घालावा लागे, तो तीन बाबींवर आला आणि मनुष्यबळ सुमारे ७५ टक्क्यांनी घटले. वाकडी वाट यंत्राने वेगात चालली तरी ती वाकडीच राहते. आधी वाट सरळ करावी, मग यंत्र आणावे.

तिसरा आक्षेप उघडपणे बोलला जात नाही. तो कर्मचाऱ्यांच्या मनात असतो. माणसे कमी केली जाणार काय? फोर्डचे उदाहरण ऐकल्यावर ही भीती वाटणे साहजिकच होय. म्हणून प्रमुखाने आरंभीच स्पष्ट सांगावयास हवे की वाचलेला वेळ तपासणी, क्षेत्रभेटी आणि नागरिकांच्या शंकानिरसनासाठी वापरला जाईल. आणि दिलेला हा शब्द पाळलाही पाहिजे. कामाची खरी वाट टेबलावर बसणाऱ्यालाच ठाऊक असते. त्याचा विश्वास गमावला तर तक्ता सुंदर तयार होईल, परंतु तो खोटा असेल.

आरंभ लहान असावा

सर्व कामे एकाच वेळी सुधारण्याचा संकल्प बहुधा तडीस जात नाही. ज्या कामासाठी सर्वाधिक नागरिक येतात असे एकच काम निवडावे. त्याची आजची वाट लिहावी, थांबे मोजावेत, कायद्याचे थांबे वेगळे काढावेत आणि उरलेल्यांपैकी सर्वांत मोठा थांबा प्रथम हटवावा. तीन महिन्यांनी पुन्हा दहा नस्त्या काढून तारखा ताडून पाहाव्यात. सुधारणा झाली नसेल तर उपाय बदलावा. झाली असेल तर तीच रीत लेखी आदेशाने कायम करावी, म्हणजे अधिकारी बदलला तरी पद्धत बदलणार नाही. व्यक्तीच्या उत्साहावर चाललेली सुधारणा तिच्या बदलीबरोबर निघून जाते. नियमित मोजमापावर उभी राहिलेली सुधारणा कार्यालयाची होऊन राहते.

शाळेच्या दाखल्यापासून पंचायतीच्या ठरावापर्यंत प्रत्येक कामात हा अभ्यास करता येईल. त्यासाठी एक वही, काही तारखा आणि आपले कार्यालय अर्जदाराच्या बाजूने पाहण्याची तयारी एवढेच भांडवल पुरेसे आहे. अर्जदाराची वाचलेली प्रत्येक खेप ही त्याच्या पदरात पडलेली एका दिवसाची कमाई असते. विकासाचा हा लाभ कोणत्याही अनुदानाची वाट न पाहता आजच्या आज देता येण्याजोगा आहे.