तेलविहिरीवरची मजुरी : अंगी काय हवे, हाती काय हवे

ऊसतोडीचा हंगाम संपला की आपल्या वस्त्यांवरची तरुण मुले दुसऱ्या कामाच्या शोधात निघतात. कोणी पुण्याला बांधकामावर जातो, कोणी कुरकुंभच्या कारखान्यांत हेल्पर म्हणून लागतो. अलीकडे मात्र मोबाइलवर वेगळ्याच जाहिराती फिरू लागल्या आहेत : "तेल कंपनीत हेल्पर पाहिजेत. शिक्षणाची अट नाही. राहणे-खाणे फुकट. पगार भरपूर." सणसरच्या आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात ही जाहिरात चार जणांनी वेगवेगळ्या वेळी मला दाखवली. त्यांतल्या एका पारधी मुलाच्या आईने तर शेळ्या विकून पैसे भरायची तयारी केली होती.

मी स्वतः एकोणीस वर्षे मुंबईजवळच्या समुद्रात ठेकेदाराकडे रिगर म्हणून काम केले आहे. म्हणून या कामाला काय लागते, काय लागत नाही आणि कोणाच्या बोलण्याला भुलू नये, हे या पाठात क्रमाने मांडतो. काम वाईट नाही. पण ते नीट समजून घेतल्याशिवाय घरची शेळी विकू नये.

१. तेलविहीर म्हणजे काय?

आपल्याकडे बोअर घ्यायची गाडी सर्वांनी पाहिली आहे. तमिळनाडूतल्या तिरुचेनगोडहून आलेली ती लॉरी शेतात उभी राहते, हवेच्या दाबाने खडक फोडते आणि भुकटी वर उडवते. तेलविहीरही खोदायचीच असते, पण ती हजारो फूट खोल जाते आणि खाली तेल व वायू दाबाखाली कोंडलेले असतात. म्हणून तिथे हवेऐवजी जड चिखल वापरतात. त्याला 'मड' म्हणतात. पाइपमधून खाली गेलेला मड खोदणाऱ्या दाताला थंड ठेवतो, दगडाचा चुरा वर आणतो आणि आपल्या वजनाने खालचा वायू दाबून धरतो. ते वजन कमी पडले, तर वायू उसळून वर येतो. मग विहिरीच्या तोंडावरची मोठी झडप तिला बंद करते. ही सगळी यंत्रणा ज्या सांगाड्यावर उभी असते, तो म्हणजे रिग.

महाराष्ट्राजवळचे तेल समुद्राखाली आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय' हे क्षेत्र आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या रिगने तिथे तेल शोधले आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तिथली बरीच मजुरी ठेकेदारांमार्फत चालते. सामान उरणजवळच्या न्हावा तळावरून बोटीने जाते. माणसे जुहूहून हेलिकॉप्टरने जातात किंवा बोटीने जातात.

२. मजुराचे काम कोणते?

सर्वांत खालच्या पायरीवरच्या मजुराला 'रूस्टअबाउट' म्हणतात. डेक धुणे, रंग खरवडणे, क्रेनने आलेले सामान सोडवणे, मडची पोती फोडून मिसळणे ही त्याची कामे. पुढची पायरी 'फ्लोअरमन'ची. तो विहिरीच्या तोंडाशी पाइप जोडतो आणि सोडवतो. त्यानंतर डेरिकमन आणि मग ड्रिलर. यांच्या जोडीला वेल्डर, फिटर, रिगर, पहाड बांधणारे, रंगारी आणि स्वयंपाकघरातले मदतनीस असतात. आपल्या मुलांना पहिली संधी बहुधा या जोडीच्या कामांत मिळते.

पाळी बारा तासांची असते, दिवसाची किंवा रात्रीची. कंपनीच्या कायम माणसांना बहुधा चौदा दिवस काम आणि चौदा दिवस सुटी मिळते. ठेकेदाराच्या माणसाला महिना-दीड महिना सलग राहावे लागू शकते. आठवड्याची सुटी नाही, दारू अजिबात नाही, आणि घरी मयत झाले तरी हवामान खराब असेल तर लगेच निघता येत नाही. हे आधी घरच्यांना सांगून ठेवावे.

३. अंगी काय हवे?

नुसती ताकद पुरत नाही. पाच इंची ड्रिल पाइपचा तीस फुटी तुकडा सुमारे २६५ किलोचा भरतो. उसाची मोळी डोक्यावर घेता येते, पाइप घेता येत नाही. तो यंत्रानेच उचलायचा असतो. तिथे पहिले कौशल्य म्हणजे वजन आणि दोरी यांची समज.

हे घरीच शिकता येते. दोघांनी पाण्याची भरलेली बादली मधोमध दोरी बांधून उचला. दोघे जवळ उभे राहिलात तर हलकी वाटेल. आता लांब लांब सरका. बादली तीच, पण हात ओढले जातील. दोरी जितकी आडवी, तितका तिच्यावर ताण जास्त. १००० किलोचे वजन दोन दोऱ्यांनी उचलताना प्रत्येक दोरी जमिनीशी ६० अंशात असेल, तर एकेका दोरीवर सुमारे ५७७ किलोचा ताण येतो. ४५ अंशात तो ७०७ होतो आणि ३० अंशात पुरा १००० किलो. म्हणजे वजन न वाढता ताण जवळजवळ दुप्पट झाला. दहावीच्या भूमितीत हेच शिकवतात. वर्गात जो मुलगा "त्रिकोणमिती कशाला?" असे विचारत होता, त्याला मी हे उत्तर दिले.

दुसरे कौशल्य क्रेनच्या हातखुणांचे. क्रेनवाल्याला फक्त एकाच माणसाने खुणा करायच्या असतात. 'थांब' ही खूण मात्र कोणीही करू शकतो आणि ती क्रेनवाल्याने मानलीच पाहिजे. टांगलेल्या वजनाखाली कधीही उभे राहायचे नाही.

तिसरे म्हणजे वायूची ओळख. काही विहिरींतून सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू येतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणून "वास थांबला, आता धोका गेला" असे कधी समजू नये. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी पाहायची आणि वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे निघायचे. कोणी बेशुद्ध पडला म्हणून मुखवट्याशिवाय धावून जायचे नाही. मळीच्या टाकीत किंवा जुन्या विहिरीत एकाला काढायला दुसरा आणि दुसऱ्याला काढायला तिसरा उतरतो आणि तिघेही जातात, हे आपण गावाकडे ऐकलेच आहे.

चौथे कौशल्य सर्वांत अवघड : विचारणे. ज्या कामात आग, उंची, बंद टाकी किंवा वीज आहे, त्याला लेखी परवाना लागतो. त्याला तिथे 'परमिट' म्हणतात. ६ जुलै १९८८ रोजी ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात 'पायपर आल्फा' या फलाटावर एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. ही गोष्ट रात्रीच्या पाळीला कळली नाही. त्यांनी पंप चालू केला, वायू गळला आणि आगीत १६७ जण गेले. पाळी बदलताना एक निरोप नीट पोहोचला नाही, त्याची ही किंमत. आपली मुले साहेबासमोर मान खाली घालून "हो साहेब" म्हणायला शिकलेली असतात. रिगवर मात्र "साहेब, याचे परमिट आहे का?" हे विचारणारा मजूरच चांगला मजूर. मी वर्गात हे वाक्य मुलांकडून मोठ्याने म्हणून घेतो. पहिल्यांदा सगळे लाजतात.

पाचवे म्हणजे शरीर. डॉक्टर डोळे, रंग ओळखणे, कान, फुप्फुसे, रक्तदाब आणि साखर तपासतात. नंदुरबार, धुळे भागातून तोडीला येणाऱ्या कुटुंबांनी सिकलसेलची तपासणी आधीच करून घ्यावी. ती सरकारी दवाखान्यात होते. आजार असलेल्या माणसाला उष्णता, अतिश्रम आणि पाण्याची कमतरता सोसत नाही. जो फक्त वाहक आहे तो बहुधा नेहमीसारखे जगतो, पण त्यानेही डॉक्टरांना सांगावे. लपवून समुद्रावर गेलात, तर तिथून दवाखाना दूर असतो.

४. हाती काय हवे?

वय १८ पूर्ण हवे. कायद्याने तेलविहीरही खाणच धरली जाते. दहावी पास असल्यास बरेच दरवाजे उघडतात. त्यावर आयटीआयचा फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन किंवा डिझेल मेकॅनिकचा दाखला असेल, तर तुम्ही हेल्परच्या वरच्या पायरीवरून सुरुवात करता. बारामतीला शासकीय आयटीआय आहे. अनुसूचित जमातीच्या मुलांना प्रवेशात राखीव जागा आहेत. वसतिगृह आणि शिष्यवृत्तीसाठी घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी.

त्यानंतर समुद्रावर जाण्याचे प्रशिक्षण : पाण्यात तग धरणे, आग विझवणे, प्रथमोपचार, आणि हेलिकॉप्टर पाण्यात पडले तर त्यातून बाहेर कसे यायचे. यात माणसाला सांगाड्यात बसवून तलावात उलटे करतात. गोव्यात बेतूल येथे ओएनजीसीची यासाठी संस्था आहे. जहाजावरच्या कामाला वेगळे अभ्यासक्रम आणि सीडीसी हे पुस्तक लागते. नुसती सीडीसी हातात आली म्हणजे नोकरी लागली असे नाही. अनेक दलाल तिथेच फसवतात.

कागदांत आपली मुले सर्वांत जास्त अडतात. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, आणि जन्मतारीख सगळ्यांची १ जानेवारी. हे आधी दुरुस्त करा. पोलीस पडताळणीची पारधी मुलांना धास्ती असते, आणि ती उगीच नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये सुरू केलेला गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण माणसांच्या नजरेतून तो अजून गेलेला नाही. तरी घाबरून दलालाकडून बनावट दाखला घेऊ नका. तो घेतला की खरोखरचा गुन्हा घडतो. जुन्या खटल्यातून कोणी निर्दोष सुटला असेल, तर त्या निकालाची शिक्क्याची प्रत काढून जवळ ठेवा.

५. पैसे कोण कोणाला देतो?

ऊसतोडीत मुकादम आधी उचल देतो आणि माणूस त्यात बांधला जातो. इथला दलाल उलटे करतो : काम देण्याआधी तोच पैसे मागतो. दोन्हीकडे कर्ज आपल्याच डोक्यावर येते. जहाजावरच्या नोकरीसाठी उमेदवाराकडून भरतीचे पैसे घेण्यास नियमाने बंदी आहे, आणि भरती करणाऱ्याकडे नौवहन महासंचालनालयाचा परवाना लागतो. आखाती देशांत जायचे असेल, तर एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला हवा. त्याला जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच शुल्क घेता येते, आणि त्याची पावती द्यावी लागते. दहावी न झालेल्यांना अशा देशांत कामासाठी जाताना सरकारची परवानगी लागते. ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर एजंटचे नाव शोधता येते. "टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बघू" असे जो म्हणतो, त्याच्या दारातूनच परत या.

इथल्या ठेकेदाराकडे लागताना चार गोष्टी लेखी घ्या : पगार, पाळीचे दिवस, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक, आणि अपघात विमा.

६. धोका झाकून ठेवू नये

२७ जुलै २००५ रोजी, मुंबईच्या महापुराच्या दुसऱ्याच दिवशी, बॉम्बे हायवर एका जहाजावरच्या आचाऱ्याची बोटे कापली. त्याला फलाटावर हलवण्यासाठी जहाज जवळ आले, फलाटाच्या वायुवाहिनीला धडकले आणि आग लागली. दोन तासांत फलाट नाहीसा झाला. २२ जण गेले, ३६२ जणांना वाचवण्यात आले. एका सुरीच्या जखमेपासून हे सुरू झाले. म्हणून तिथे लहान जखमेलाही लहान म्हणत नाहीत.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळात 'पी-३०५' हा राहण्याचा तराफा बुडाला. त्यावर २६१ जण होते, त्यांतले सत्तरच्या आसपास दगावले. नौदलाच्या जहाजांनी बाकीच्यांना उसळत्या पाण्यातून काढले. लाइफ जॅकेट घालून, एकमेकांना धरून कित्येक तास तरंगत राहिलेली माणसे वाचली. म्हणून कामावर जाताना विचारा : मी झोपणार कुठे? रिगवर, फलाटावर की तराफ्यावर? पोहोचल्यावर जेवणाआधी दोन जागा पाहून घ्या. एक, आपले लाइफ जॅकेट. दुसरी, धोक्याचा भोंगा वाजल्यावर जमायची जागा.

शेळ्या विकायला निघालेल्या त्या माउलीने दलालाचे नाव आमच्याकडून तपासून घेतले. नोंद सापडली नाही, पैसे वाचले. मुलगा आता आयटीआयच्या प्रवेशाचे कागद जमवतो आहे. दोन वर्षे लागतील, पण तो समुद्रावर गेला तर हातात कसब घेऊन जाईल.

वर्गात चर्चेसाठी प्रश्न

१. तुमच्या घरातील तिघांचे आधार आणि शाळेचा दाखला शेजारी ठेवून पाहा. नाव, आडनाव, जन्मतारीख जुळते का?

२. ८०० किलोचे वजन दोन दोऱ्यांनी उचलायचे आहे. दोऱ्या ३० अंशात असतील तर एकेकीवर किती ताण येईल? दोऱ्या लांब घेतल्या तर काय होईल?

३. बंद टाकीत तुमचा मित्र पडला आहे. तुम्ही पहिल्यांदा काय कराल, आणि काय करणार नाही?

४. उचल घेणे आणि दलालाला पैसे भरणे यांत सारखे काय, वेगळे काय? घरातल्या मोठ्यांना विचारून लिहा.

५. "साहेब, याचे परमिट आहे का?" हे वाक्य मोठ्याने, मान वर करून, पाच वेळा म्हणा.