पुस्तकांवरचे बारीक किडे

प्रश्न : रत्नागिरीत आमच्या भिंतीतल्या कपाटात पावसाळ्यात पुस्तकांवर फिकट, बारीक किडे पळतात. ही वाळवी आहे का? फवारणी करावी का?

उत्तर : वर्णनावरून ही वाळवी नव्हे, बुकलाइस वाटतात. जेमतेम 1-2 मिलिमीटरचे हे किडे चावत नाहीत. दमट कागदावरची बुरशी हे त्यांचे मुख्य खाद्य. त्यामुळे फवारणीने ते तात्पुरते कमी होतात, पण ओल राहिली की पुन्हा होतात. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांखाली गेली की ते सुकून मरतात. म्हणून भिंतीत गळती असल्यास आधी ती थांबवा. पुस्तके कोरड्या फडक्याने पुसा, भिंतीपासून थोडी पुढे, सैलसर लावा आणि उघडीप मिळताच कपाट उघडे ठेवा. मातीच्या नळ्या दिसल्या, तर मात्र वाळवीच समजा आणि लगेच तज्ज्ञाला बोलवा.