मुंबईची नाट्यगृहे

आजकाल नाटक काय, नृत्य काय, घरबसल्या मोबाइलवर पाहता येते. मग गाडीची गर्दी सोसून नाट्यगृहात कशाला जायचे? कारण तेथे कलावंत आणि प्रेक्षक समोरासमोर असतात. प्रेक्षक हसले की नट क्षणभर थांबतो. प्रेक्षक गप्प झाले तर त्यालाही ते कळते. म्हणून एकाच नाटकाचे दोन प्रयोग कधी सारखे होत नाहीत.

मराठी नाटकासाठी दादरला शिवाजी मंदिरात जावे. ते प्लाझा सिनेमासमोर आहे. तिसरी घंटा झाली की पडदा उघडतो. मध्यंतरात बटाटावड्यासाठी ही झुंबड उडते! तुमचे मराठी अजून कच्चे असेल तरी कचरू नका. नटाचा आवाज, चेहरा आणि हातवारे अर्धा अर्थ सांगून टाकतात. नाटक पाहून जेवढी बोलभाषा कानावर पडते, तेवढी पुस्तकातून पडत नाही.

जुहूचे पृथ्वी थिएटर १९७८ साली सुरू झाले. ते लहान आहे. जेमतेम दोनशे माणसे बसतात. रंगमंचाच्या तिन्ही बाजूंना प्रेक्षक असतात. नटाच्या कपाळावरचा घामसुद्धा दिसतो. येथे हिंदी-उर्दू नाटकेही होतात. मात्र उशीर झाला तर आत सोडत नाहीत.

नृत्य पाहायचे तर नरिमन पॉइंटचे एन. सी. पी. ए. हे मोठे केंद्र आहे. तेथे भरतनाट्यम, ओडिसी, कथक असे अनेक प्रकार पाहायला मिळतात. कथक तुम्हांला परके वाटणार नाही. नर्तकीच्या रंगमंचावरील प्रवेशाला त्यात ‘आमद’ म्हणतात. पुढे ‘सलामी’ येते. हे शब्द तर तुमच्या घरातलेच! आणि आपला ‘तमाशा’? तो शब्दही फारसीतूनच मराठीत आला.

मुंबईच्या रंगभूमीवर या भाषा फार पूर्वीपासून शेजारी नांदत आहेत. ग्रँट रोडला १८४६ साली एक नाटकगृह उघडले. विष्णुदास भावे यांनी १८५३ साली तेथे मराठी खेळ केले आणि ‘राजा गोपीचंद’ हे नाटक हिंदुस्थानीतही केले. पुढे पारशी मंडळींनी गुजराती व उर्दू नाटके गाजवली. ते नाटकगृह आज उरलेले नाही. गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाउसवरही तशीच वेळ आली होती. १९११ साली उद्घाटन झालेल्या या वास्तूत पुढे सिनेमे लागू लागले आणि १९९३ साली ती बंद पडली. दुरुस्ती होऊन तिचे दरवाजे २०१६ साली पुन्हा उघडले. नाट्यगृह नुसत्या भिंतींवर जगत नाही. त्याला तिकीट काढणारी माणसे लागतात.

तिकिटापुरते पैसे नसतील तर काळा घोडा महोत्सव आहे. तो १९९९ साली सुरू झाला. तेथे नृत्य, गाणे, पथनाट्य सारे फुकट पाहता येते. शनिवार-रविवारी मात्र पाय ठेवायला जागा नसते. मधल्या वारी गेलेले बरे.