अनुभवलेखन : बर्फातले दोन दिवस आणि एक ओली जीन्स

उष्णता आणि बाष्पीभवन शिकवताना मी हल्ली वर्गात हा अनुभव सांगतो. मुलं मन लावून ऐकतात. तुम्हालाही शाळेत किंवा घरी उपयोगी पडेल म्हणून इथे देत आहे.

अनुभव

जानेवारीचा शेवटचा शनिवार-रविवार. दिल्लीत नोकरी करणाऱ्या मित्राकडे आम्ही तिघे जमलो. रात्रीच्या बसने डेहराडून आणि तिथून जीपने मसुरीच्या पुढे पंतवाडी गाव गाठलं. टिहरी गढवाल जिल्ह्यातल्या या गावातून नागटिब्ब्याची वाट सुरू होते. नागटिब्बा 3,022 मीटर उंच, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (1,646 मीटर) जवळजवळ दुप्पट. दोन दिवसांत जाऊन येता येतं, म्हणून आमच्यासारखे नवशिकेही तिथे जातात.

निघण्याआधी एका मित्राने फोनवर विचारलं होतं, "जीन्स चालेल ना रे?"

"चालेल की! दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे," मी म्हणालो.

पहिला दिवस मजेत गेला. बांज आणि बुरांशच्या जंगलात बर्फ लागला आणि आम्ही चाळिशीतले चौघे अक्षरशः लहान मुलं झालो. गोळे फेकले, घसरगुंडी केली. जीन्सवाला मित्र कमरेपर्यंत भिजला. संध्याकाळी तंबू ठोकले. डाळ तासभर उकळूनही कच्चीच राहिली, ती तशीच भाताबरोबर खाल्ली. रात्री जीन्स तंबूत वाळत घातली. सकाळी ती पत्र्यासारखी कडक! दुसरी पँट नव्हती, म्हणून त्याने तीच चढवली.

रविवारी माथ्याकडे निघालो. वारा बोचरा होता. माथा अर्ध्या तासावर आला आणि लक्षात आलं, एरवी अखंड बडबडणारा हा मित्र बराच वेळ गप्प आहे. "काय रे?" विचारलं, तर जीभ जड झालेली. जाकिटाची चेनही त्याला लावता येईना.

"मी बसतो इथेच. तुम्ही जाऊन या," तो म्हणाला.

खरं सांगतो, क्षणभर मोह झाला. इतक्या लांबून आलो होतो! पण गाईडने ठाम सांगितलं, यांना एकटं सोडायचं नाही, सगळ्यांनी खाली चला.

तंबूत त्याचे ओले कपडे काढले. माझी कोरडी पँट, लोकरी टोपी, स्लीपिंग बॅग आणि गूळ घातलेलं गरम पाणी दिलं. हळूहळू तो नीट बोलू लागला. पहिलं वाक्य होतं, "माझ्यामुळे माथा राहिला ना रे?"

"तुझ्यामुळे नाही. माझ्या उत्तरामुळे."

मुलांना काय सांगाल?

1. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय बाष्पीभवनाने थंडावा येतो. त्यासाठी मी दरवर्षी माठाचं उदाहरण देतो, आणि मित्राच्या पायांना मात्र माठच गुंडाळून पाठवलं! बर्फात सुती कपडे नकोत. लोकरीचे किंवा लवकर वाळणारे कपडे थरांनी घालावेत आणि एक कोरडा जोड राखून ठेवावा.

2. दर 1,000 मीटर उंचीला तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरतं. हवेचा दाबही कमी होतो. त्यामुळे आमच्या तंबूपाशी पाणी सुमारे 91 अंशांनाच उकळत होतं. डाळ म्हणूनच शिजली नाही.

3. थरथर, अडखळतं बोलणं, बोटं न वळणं, अचानक गप्प होणं, ही शरीर थंड पडत असल्याची चिन्हं आहेत. अशा वेळी वारा-ओल यांपासून दूर न्यावं, कोरडं करावं, ऊब द्यावी. हातपाय बर्फाने चोळू नयेत. एकटं तर कधीच सोडू नये.

करून पाहा

दोन सारख्या बाटल्यांत सारखंच कोमट पाणी भरा. एकीला कोरडं, दुसरीला ओलं फडकं गुंडाळा आणि पंख्यासमोर ठेवा. दर 5 मिनिटांनी तापमान वहीत लिहा. आधी मुलांना अंदाज करू द्या.

माथा अजून बाकी आहे. पुढच्या वेळी सामानाची यादी माझे विद्यार्थी तपासणार आहेत, असं मी वर्गात कबूल केलंय.